मानेमागून ऐकलेला समुद्र

मित्रांनो, मी एक जुनी, पिवळी टाकी आहे. गॅसची नव्हे. हे आधीच सांगते, कारण नवापूरला आल्यापासून सगळे मला गॅसचीच समजतात. मी ऑक्सिजनचीही नव्हे. माझ्यात हवा भरतात. साधी हवा, तुम्ही आत्ता घेत आहात तीच, फक्त दोनशे पट दाबून. मला पाठीवर बांधून माणूस समुद्राच्या तळाशी जातो आणि पाऊण तास तिथे श्वास घेत राहतो. रिकामी असताना माझे वजन चौदा किलो असते, भरली की ते अडीच किलोने वाढते. हवेला वजन असते हे तुम्ही शाळेत शिकता. मला ते अंगाने कळते.

दुसरी गोष्टही कबूल करून टाकते. माझा स्वभाव हेवेखोर आहे. एका मास्कचा मी कित्येक वर्षे हेवा करीत आले आहे. माझी सगळी कहाणी त्या हेव्याभोवतीच फिरते, म्हणून तो लपवण्यात अर्थ नाही.

माझा जन्म फार दूरच्या एका कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमच्या जाड गोळ्याला प्रचंड दाबाखाली एका दमात लांबवले आणि वरचे टोक तापवून आवळले. त्यामुळे माझ्या अंगावर कुठेही जोड नाही. खांद्यावर आकडे ठोकले आहेत: माझा क्रमांक, मी सोसू शकते तो दाब, आणि माझी परीक्षा झाली ती तारीख. अशी परीक्षा दर काही वर्षांनी द्यावी लागते. आत पाणी भरून दाब देतात आणि मी किती फुगते व पुन्हा किती मिटते ते मोजतात. जी टाकी मिटत नाही, तिला कामावरून काढून टाकतात.

जहाजातून मी अंदमानातल्या एका बेटावर आले. तिथे पर्यटकांना पाण्याखालची पोवळी दाखवण्याचे एक केंद्र होते. तिथेच मला सॅम्युअल भेटला. तो नवापूर तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका गावचा. रंगावली नदीच्या डोहात पोहायला शिकलेला. धक्क्याच्या बांधकामावर मजूर म्हणून तो अंदमानात गेला, नंतर केंद्रात टाक्या वाहू लागला आणि चार वर्षांत पर्यटकांना हाताला धरून खाली नेणारा वाटाड्या झाला. केंद्रातल्या तीस टाक्यांमधून तो नेहमी मलाच उचलायचा. माझ्या तळाला एक पोचा होता, त्यावरून तो मला ओळखायचा. तेव्हा मला वाटायचे, मी याची आवडती आहे.

मग त्याने स्वतःच्या पैशाने एक मास्क घेतला. काळ्या रबराचा, पुढे जाड काच असलेला.

मित्रांनो, आता नीट ऐका. टाकी पाठीवर बांधतात, तेव्हा तिचे तोंड माणसाच्या मानेकडे असते. म्हणजे समुद्रात शेकडो वेळा जाऊन मी काय पाहिले? सॅम्युअलची मान. मानेवरचा एक तीळ. वर जाणारे बुडबुडे. बस. समोर जांभळी पोवळी होती, पिवळे मासे थव्याने वळत होते, खडकाच्या फटीत आठ हातांचा प्राणी रंग बदलत होता. हे सगळे मी नंतर होडीत माणसांच्या बोलण्यातून ऐकले. पाहिले ते मास्कने.

आणि त्याचे लाड किती. पाण्यात उतरण्याआधी काचेवर वाफ धरू नये म्हणून माणसे त्याच्या आत थुंकतात आणि बोटाने चोळतात. एवढा अपमान होऊनही तो लाडकाच. वर आल्यावर त्याला गोड्या पाण्याने धुवायचे, सावलीत वाळवायचे, मऊ कापडात गुंडाळायचे. मला मात्र होडीच्या फळीवर आडवे टाकायचे. हवा माझी, डोळे त्याचे, आणि वर येऊन सगळे म्हणायचे, "काय दिसलं!" पण "काय श्वास घेतला!" असे आजवर कोणी म्हटलेले मी ऐकलेले नाही.

माझ्या वाट्याला आवाज आले. धातूतून आवाज चांगला जातो. पोवळ्यांजवळ पाणी सतत तडतडत असते, तेलात मोहरी टाकल्यासारखे. ते लहान झिंगे असतात, एका नांगीने चुटकी वाजवणारे. चोचीच्या तोंडाचा पोपटमासा पोवळे कुरतडतो, तेव्हा कोणी भाजके दाणे खात असल्यासारखे वाटते. मला पोवळ्यांची वस्ती आवाजाने ओळखता यायची. कोणाला त्याची गरज नव्हती.

एका उन्हाळ्यात समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा अंश-दीड अंशाने जास्त तापले आणि आठवडेच्या आठवडे तसेच राहिले. पोवळ्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते. त्याचा रंग आणि बरेचसे अन्न त्या शेवाळातून येते. पाणी फार तापले की पोवळे शेवाळाला बाहेर टाकते आणि पांढरे पडते. पांढरे पोवळे लगेच मरत नाही, पण उपाशी असते. पुढच्या महिन्यांत त्यातली बरीच मेली आणि तडतड विरळ होत गेली. ज्या वस्तीवर सॅम्युअल सर्वांत जास्त वेळा गेला होता, तिथे एका सकाळी मला जवळजवळ शांतता ऐकू आली. त्या दिवशी सॅम्युअल पाण्याखाली रडला. मास्कच्या आत. रडणेसुद्धा त्या मास्कच्याच वाट्याला आले.

पुढे करोना आला. पर्यटक थांबले, केंद्र बंद पडले. जहाजे सुरू झाली तेव्हा सॅम्युअल घरी निघाला आणि मालकाने निरोप देताना मला त्याच्या स्वाधीन केले. रिकामी, झडप उघडी ठेवून, मी आगगाडीने नवापूरला आले. डब्यातल्या एका माणसाने माझ्याशेजारी बसायला नकार दिला. स्टेशनवरून घरी नेणाऱ्या रिक्षावाल्याने मला मागे दोरीने बांधले आणि बिडी विझवली.

सॅम्युअल अमृतभाऊंच्या कोंबड्यांच्या शेडवर देखरेखीच्या कामाला लागला. घर शेडच्या आवारातच. मास्क त्याच्या रविवारच्या सदऱ्यांसोबत पेटीत गेला. मी दाराआड. माझ्यावर ओले टॉवेल वाळत. पावसाळ्यात एक कोंबडी माझ्या आडोशाला अंडी घालू लागली. अमृतभाऊंनी पहिल्यांदा मला पाहिले, तेव्हा दोन पावले मागे सरून विचारले, "हाई गॅसनी टाकी शे का रे भो?" सॅम्युअल म्हणाला, हवेची आहे. अमृतभाऊंनी आवारभर नजर फिरवली. "हवानी आठे काय कमी शे?" ते म्हणाले. सॅम्युअल हसला. मला हसू आले नाही.

अशी अडीच वर्षे गेली. मग योगिता आली.

योगिता सॅम्युअलची भाची. तिची आई हिराबाई वर धडगावला, एका वसतिगृहात स्वयंपाक करते. मुलगी विज्ञान शिकायला नवापूरला मामाकडे राहू लागली. आल्या आल्या तिने पेटी उघडली आणि हातात काय घेतले? मास्क. अंगणात पाण्याचे पिंप होते. ती मास्क लावून त्यात डोके बुडवून उभी राहिली आणि बराच वेळ वर आली नाही. पिंपात डासांच्या अळ्या होत्या. अळ्या शेपटीकडून श्वास घेतात, असे तिने वर येऊन मामाला सांगितले. मामाने आधी पिंप ओतले आणि मग तिला पोवळ्यांच्या गोष्टी सांगायला बसला.

त्यानंतर अख्खा उन्हाळा ती अमृतभाऊंच्या शेततळ्यात उतरली. शेततळ्याला काळे प्लास्टिक अंथरलेले, काठ घसरडे, म्हणून दोर बांधून. मास्क आणि तोंडात धरायची आखूड नळी एवढेच घेऊन. मी दाराआडून तिचे ओले केस पाहायची. मामाने मास्कचा पट्टा तिच्या मापाला कापून दिला. तेव्हा मला काय वाटले, ते सांगत नाही.

हिवाळ्यात पत्र आले. अंदमानात पोवळ्यांची गणना करणाऱ्या एका पथकाला सहा विद्यार्थी हवे होते. कोणती पोवळी पांढरी पडली आहेत, कोणती सावरली आहेत, हे पाण्याखाली जाऊन पाटीवर नोंदवायचे. शिकवणार तेच. योगिताची निवड झाली होती. घरच्यांची संमती सोमवारपर्यंत कळवायची होती.

हिराबाईंनी फोनवर सरळ नाही म्हटले. मग सॅम्युअल बोलला, मग योगिता बोलली, मग योगिता रडली. शेवटी हिराबाई म्हणाल्या, "रविवारी मी खाली येते. माझ्यासमोर ती अर्धा तास पाण्याखाली राहून हसत वर आली पाहिजे. मग बघू."

त्यासाठी हवा हवी होती. म्हणजे मी हवी होते. मित्रांनो, चार वर्षांनी सॅम्युअलने माझ्यावरची धूळ पुसली. परीक्षेसाठी मला सुरतला नेले. मी फुगले आणि पुन्हा मिटले. खांद्यावर नवी तारीख ठोकली गेली. तिकडे जहाजांचे तळ साफ करणारे पाणबुडे असतात. त्यांच्यापैकी एकाने हवा भरायचे यंत्र दोन दिवसांपुरते दिले. रविवारी दुपारी ते परत जायचे होते. म्हणजे मला एकदाच भरून घेता येणार होते. पेटीतल्या मास्ककडे पाहून मी मनात म्हटले, आता तुझ्यावाचून एकदा चालेल, माझ्यावाचून चालणार नाही.

यंत्राला तीन फेजची वीज लागते. ती शेडवरच होती. शनिवारी दुपारी शेडच्या मागच्या सावलीत यंत्र मांडले. हवा आत ओढणारी त्याची नळी सॅम्युअलने नीट उंच बांधली. बाजूला जनरेटर होता, पण तो बंद होता. मी भरू लागले. दहा मिनिटांनी वीज गेली.

कोंबड्यांच्या शेडवर काम करणाऱ्या माणसाला वीज गेली की एकच गोष्ट सुचते. पंखे. पंखे थांबले तर बंद शेडच्या उकाड्यात हजारो पक्षी थोड्या वेळात गुदमरतात. सॅम्युअल शेडकडे पळाला. अमृतभाऊंनी जनरेटर सुरू केला, आणि पोरीचे काम अडायला नको म्हणून यंत्राचेही बटण दाबले. जनरेटरचा धूर वर चढून यंत्राच्या नळीच्या तोंडाशीच पोहोचत होता. पंख्यांनी बाहेर फेकलेली शेडची हवाही तिकडेच येत होती. हे सगळे माझ्यात भरले जात होते. मला ते कळत होते. विष्ठेतून सुटणारा अमोनिया घशाला झोंबतो. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तो रक्तातली ऑक्सिजनची जागा घेतो आणि माणूस न कळता झोपी जातो. पाण्याखाली झोपी जातो.

सॅम्युअल परत आला तेव्हा वीज आली होती, जनरेटर बंद होता आणि मी भरलेली होते. त्याने काटा पाहिला, दोनशे. झडप बंद केली आणि माझ्यावर थाप मारली. किती दिवसांनी.

रविवारी चर्च सुटल्यावर सगळे शेततळ्यावर आले. हिराबाई सकाळच्या जीपने घाट उतरून आल्या होत्या. त्यांनी पाण्याकडे पाहिले, काळ्या प्लास्टिककडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. योगिताने मला पाठीवर घेतले. पहिल्यांदा. माझ्यासमोर तिची मान आली, बारीक, घट्ट वेणी घातलेली. मास्क तिच्या हातात होता. आज खाली काही बघण्यासारखे नव्हते, चिखल आणि दोन बेडूक. आजचा दिवस माझा होता.

मित्रांनो, खरे सांगते. माझ्यात काय आहे हे मला ठाऊक होते. तरीसुद्धा त्या क्षणी मला वाटले की कोणी झडप उघडू नये. मला पुन्हा रिकामी करून दाराआड ठेवू नये. मला पाण्यात जायचे होते. ही माझी आयुष्यातली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट आहे आणि ती मी पहिल्यांदाच कोणाला सांगते आहे.

बेटावर एक रीत होती. पाण्यात उतरण्याआधी टाकीची झडप किंचित उघडायची आणि हवा हुंगायची. एकाने नाही, दोघांनी. सॅम्युअलने हुंगली. ठीक आहे म्हणाला. योगिताने हुंगली. तीही ठीक म्हणाली. दोन नाके झाली होती. पण सॅम्युअलला बहिणीची भीती घालवायची होती, म्हणून तो तिला म्हणाला, "बाई, तू पण बघ. नुसती हवा आहे."

हिराबाई वाकल्या. रोज सकाळी शंभर मुलांच्या स्वयंपाकाआधी तेलाचा डबा हुंगणाऱ्या त्या बाई. त्यांनी एकदा हुंगले, तोंड बाजूला केले, मोकळा श्वास घेतला आणि पुन्हा हुंगले.

"याला कोंबड्यांचा वास येतोय," त्या म्हणाल्या.

योगिताचा चेहरा उतरला. आई, तुला पाठवायचंच नाही ना, तर तसं सांग, असे ती हळू आवाजात म्हणाली. अमृतभाऊ हसत पुढे आले. "बाई, कोंबडीस्ना वास तं मन्हा जेवनमाबी येस. मी मरी गऊ का?"

सॅम्युअल मात्र हसला नाही. त्याने पुन्हा हुंगले. त्याला काहीच वास आला नाही. चार वर्षे तो त्याच वासात झोपत-उठत होता, आणि योगिताही आता दीड वर्ष. त्यांच्या नाकांनी तो वास कधीच सोडून दिला होता. आपल्याला वास येत नाही, याचे कारण त्याला कळले आणि तो अमृतभाऊंकडे वळला.

"अमृतभाऊ, काल वीज गेली तेव्हा मशीन बंद होतं ना?"

"लाइट गई व्हती, मंग जनरेटरवर चालू करं ना मी," अमृतभाऊ म्हणाले. "तू पंखास्कडे पळना. पोरगीनं काम आडाले नको."

शेडची हवा आत गेली असेल, तर जनरेटरचा धूरही गेला असणार. सॅम्युअलने योगिताच्या खांद्यावरचे पट्टे सोडले, मला काठावर टेकवले आणि झडप पूर्ण उघडली.

मी ओरडले. अडीच किलो हवा बाहेर पडताना टाकी ओरडतेच. काही मिनिटे कोणालाच बोलता आले नाही. हवा सुटताना मी गार पडत गेले आणि माझ्या मानेवर दव धरले. यंत्र आवरून बांधलेले होते आणि तासाभरात सुरतला निघणार होते. सगळ्यांना ते माहीत होते. योगिता प्लास्टिकच्या काठावर बसली होती, मास्क मांडीत घेऊन. मला तिच्याकडे बघवत नव्हते.

आवाज थांबला तेव्हा हिराबाईंनी विचारले, "तिकडे हिची टाकी कोण हुंगणार?"

"मी," योगिता म्हणाली.

"तुला तर काहीच आलं नाही."

योगिताने मान खाली घातली. सॅम्युअल म्हणाला, "मलाही वास आला नाही. चूक माझी आहे, भरलेल्या हवेची चौकशी मी केली नाही." बस एवढेच. त्याने अमृतभाऊंना बोल लावला नाही, पोरीची बाजू घेतली नाही, एकच संधी होती असेही म्हणाला नाही.

हिराबाई भावाला म्हणाल्या, "मी खवट तेलाचा डबा ओतून दिला की वसतिगृहात सगळे माझ्यावर चिडतात. जेवणाला उशीर होतो म्हणतात. तू माझ्या एका शब्दावर सगळी हवा सोडून दिलीस, आणि चिडलाही नाहीस."

हिराबाईंनी योगिताची ओली नसलेली वेणी उगाच पिळून पाठीवर टाकली.

"चार दिवस धडगावला चल माझ्यासोबत. नाक धुऊन निघू दे. टेकडीवर रेंज येते, तिथूनच कळव त्यांना, येते म्हणून."

योगिताला कळायला क्षणभर वेळ लागला. अमृतभाऊंना तिच्याआधी कळले आणि ते डोळे पुसत शेडकडे निघून गेले. पंखे बघायला, असे ते म्हणाले.

ती गेली. आता ती तिथे आहे. मास्क अर्थातच तिच्यासोबत गेला. टाक्या तिथे त्यांच्याच असतात, चौदा किलोचे ओझे कोण नेणार. मी पुन्हा दाराआड आहे. फरक एवढाच की सॅम्युअल आता माझ्यावर टॉवेल टाकू देत नाही, आणि माझी झडप धूळ जाऊ नये म्हणून फडक्याने बांधलेली आहे.

मित्रांनो, पूर्वी मला वाटायचे की माझी कोणी दखल घेत नाही, हा माझ्यावर अन्याय आहे. मास्कमध्ये पाणी शिरले तर माणूस चरफडतो आणि ते झटकून टाकतो. माझ्यात खोट निघाली तर तो वर येत नाही. माझी आठवणही न येता जो माणूस पाऊण तास खाली हिंडून आला, त्याला मी चांगली हवा दिलेली असते. हे मला कळले आहे. कळले म्हणून हेवा गेला असे मात्र समजू नका.

तुमच्या घरीही दिसत नाहीत अशा गोष्टी असतात: पाण्याची टाकी, गॅसची नळी, विजेची वायर, कोणी तरी रोज न सांगता तपासून ठेवलेले काही. त्या नीट चालतात तोवर त्यांचे नावही निघत नाही. त्यांची अधूनमधून चौकशी करा. आणि ज्या वासाची तुम्हाला सवय झाली आहे, तो दुसऱ्या कोणाला आला, तर त्याच्यावर हसू नका.

आत्ता, मी हे सांगत असताना, अंदमानात कुठली तरी अनोळखी टाकी योगिताच्या पाठीवर असेल. तिच्यासमोर ती बारीक मान असेल. मला त्या टाकीचा हेवा वाटतो, आजवर कोणाचा वाटला नव्हता एवढा. तिच्यातली हवा चांगली असो.